गेटबाहेरची सतरंजी

हिंगण्याची ड्यूटी संपवून स्कूटीने घरी येत होते. तलावाच्या वळणावर तो फ्लेक्स दिसला आणि मी भर रस्त्यात ब्रेक मारला. मागचा मोटरसायकलवाला मला काय काय बोलून गेला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं काही चुकलं नाही. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या क्लबच्या आधारस्तंभ मेश्राम मॅडम.' खाली हात जोडलेल्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मॅडमच्या फोटोपेक्षा मोठे. आणि हा फ्लेक्स बांधला कुठे, तर बोट क्लबच्या गेटला. ज्या गेटच्या आत पाय ठेवायची त्या बाईला बंदी होती, त्याच गेटला!

आधारस्तंभ म्हणे! आधार होता हे खरं, पण तो आमच्या कमरांना होता, क्लबला नव्हता. क्लबने तो उचलून कुंपणाबाहेर टाकला होता. या उन्हाळ्यात मॅडम झोपेतच वारल्या तेव्हा यांच्यातला एक माणूस घाटावर फिरकला नाही. मी शोधत होते ना, चांगली टाचा वर करून शोधत होते. मी स्कूटीवर बसल्या बसल्याच ठरवलं, ही बाई कोण होती ते आपणच सांगायचं. यांच्यावर सोडलं तर हे काहीही सांगतील.

मॅडम सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होत्या. बुटक्या, अंगाने चांगल्या भरलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि ओढणी कायम कमरेला गाठ मारून बांधलेली, जणू आत्ता कोणाशी तरी भांडायला निघाल्या आहेत. बहुतेक वेळा निघालेल्याच असायच्या. साहेबलोकांशी बोलताना त्यांची मराठी पुस्तकातली असायची, आणि राग आला की सरळ नागपुरी. त्यामुळे त्यांचा पारा किती चढलाय ते आम्हाला पहिल्या दोन शब्दांत कळायचं.

दुसऱ्याची पाठ हा त्यांचा कायमचा विषय. रविवारी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आम्हाला घेऊन जायच्या आणि स्वतःची प्लेट हातात तशीच धरून ठेलेवाल्यालाच ओरडायच्या, "भाऊ, सिलेंडर उचलताना कमरेतून काहून वाकता गा? कुल्ह्यातून वाका! गुडघे देलेत ना तुमाले?" तो बिचारा हातातलं सिलेंडर ठेवायचा, पुन्हा नीट वाकून उचलायचा, आणि मगच मॅडम पहिला घास खायच्या. ओळख ना पाळख. पण त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट आम्हाला तर्री जास्त वाढायचा.

त्या आमच्या आयुष्यात आल्या त्या प्रणालीच्या पायामुळे. आम्ही चौघी एका बोटीत वल्हवायचो. रोइंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सीट पुढेमागे घसरते, पाय बांधलेले असतात, पुढे पूर्ण वाकायचं, वल्हं पाण्यात घालायचं, आणि पायाने रेटत अख्खं अंग मागे ओढायचं. लगेच पुन्हा पुढे. सकाळभर हेच. सगळा भार शेवटी कमरेवर येतो. आमच्यात पाठ दुखत नाही अशी पोट्टी शोधून सापडली नसती.

आणि आमचे कोच लांजेवार सर म्हणायचे, "पाठ दुखली नाही तो रोवर कसला?"

हे ते गंमत म्हणून नाही म्हणायचे. मनापासून म्हणायचे. पाठ दुखते म्हणून सांगितलं की औषध ठरलेलं: रोइंग मशीनच्या पट्ट्यांत पाय अडकवायचे आणि सिट-अप्स मारत सुटायचं. पोट मजबूत तर पाठ मजबूत. दुखणं वाढलं तर आणखी सिट-अप्स. प्रणाली कुहीची, भातशेतीवाल्यांची पोरगी, तोंडातून शब्द न काढणारी. ती मारत राहिली. शेवटी कळ कमरेतून मांडीत आणि मांडीतून पोटरीत उतरायला लागली. सुटीत ती कुहीपर्यंत एसटीत उभी जायची, सीट रिकामी असताना. बसवतच नव्हतं तिला. ते कळलं तेव्हा मीच तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं, सरांना न सांगता.

मॅडमनी एक्स-रे बघितला, बाजूला ठेवला. म्हणाल्या, "बोटीत कशी बसतेस ते दाखव." प्रणाली फरशीवर बसली आणि पुढे वाकली. मॅडम तिच्या मागे उकिडव्या बसून पाहत राहिल्या. मग विचारलं, "आणखी काय करायला लावतात?" प्रणालीने सिट-अप्सचं सांगितलं.

"कोण करवते हे? कोण करवते म्हणून राहिली मी!"

शेजारच्या टेबलावर खांद्याला शेक घेणारे आजोबा दचकून उठून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोट पाण्यात घालत होतो तर धक्क्यावर मॅडम उभ्या. डोक्यावर हेल्मेट तसंच. "थांबा!" असा आवाज आला की बगळे उडाले. सर धावत आले. मॅडमनी पुस्तकी मराठीतच सुरुवात केली, की सर, झोपेतून उठल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात, लगेच असं पूर्ण वाकवून जोर लावणं बरं नाही, आधी थोडा वेळ चालवा, अंग मोकळं होऊ द्या, मग बोटीत बसवा. सर म्हणाले, "मॅडम, सूर्य आमच्यासाठी थांबत नाही."

"सूर्याले पाठ नाही ना!" मॅडम म्हणाल्या. पुस्तकी मराठी संपली होती.

तरी सुरुवातीला त्यांना येऊ दिलं. फुकटात फिजिओ मिळाली म्हणून पदाधिकारी खूशच होते. दवाखान्याआधी त्या रोज यायच्या, डिकीत एक सतरंजी आणि ब्लड प्रेशर मोजायचं जुनं यंत्र घेऊन. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आता आमचं बीपी बघणार. त्यांनी प्रणालीला उताणं झोपवलं, गुडघे उभे, आणि यंत्राचा तो कापडी पट्टा अर्धवट फुगवून तिच्या कमरेखाली सारला. घड्याळासारखी तबकडी तिच्या डोळ्यांसमोर धरली. "आता एक पाय उचल. हळू. काटा हलला नाही पाहिजे."

प्रणालीने पाय उचलला आणि काटा भुर्रकन गेला. आम्ही हसलो. मग आमचाही गेला. बोटी खांद्यावरून नेणाऱ्या आम्ही दणकट पोट्ट्या, आणि एक पाय उचलता येईना!

"हसून घ्या," मॅडम म्हणाल्या. "पोटाच्या आत एक पट्टा आहे निसर्गानं देलेला. मागून पुढून कमरेले धरून ठेवते. हात-पाय हलायच्या आधी त्यानं जागं व्हाव लागते. तुमचा झोपून आहे. वरवरचं पोट कडक करून काही होत नाही. अर्धा खोकला आल्यासारखं करा. हं, तेच! तेवढंच धरा. आणि श्वास घ्या वं, श्वास काहून कोंडून राहिल्या?"

एकदा मुलांच्या बोटीतला एक जण मागून पुटपुटला, की आधी मॅडमनी स्वतःचं पोट बघावं. पुटपुटला म्हणजे त्याला तसं वाटलं. मॅडमनी चहावाल्याकडून काठोकाठ भरलेला ग्लास मागवला, सतरंजीवर हात-गुडघ्यांवर ओणव्या झाल्या आणि मला म्हणाल्या, "ठेव माह्या कमरेवर." मी घाबरत ठेवला. त्यांनी उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ केला. मग हात बदलला, पाय बदलला. चहाचा एक थेंब सांडला नाही. तशाच अवस्थेत त्याला म्हणाल्या, "ये भाऊ. आता तुह्या कमरेवर ठेवू. गरम आहे, सांभाळ." तो बोटीखाली लपायचाच बाकी राहिला. नंतर त्या सावकाश उठल्या आणि तोच चहा पिऊन टाकला.

आता त्या दुसऱ्या पट्ट्याबद्दल. ते आठवलं की अजून माझ्या डोक्याची शीर उठते.

क्लबमध्ये एक जुना, रुंद, चामड्याचा कमरपट्टा होता. मूळचा लांजेवार सरांचा. ते स्वतः वल्हवायचे तेव्हा पाठ मोडली, तर हा पट्टा आवळून शेवटची रेस मारली, असं ते दर नव्या बॅचला सांगायचे. तेव्हापासून रीत पडली. ज्याची पाठ धरते, त्याला सगळ्यांसमोर हा पट्टा बांधायचा. टाळ्या वाजवायच्या. 'पट्टा चढला' म्हणायचे. म्हणजे आता हा खरा रोवर! पोरंपोरी वाट बघायची हो, आपल्याला कधी चढतो म्हणून. दुखणं झालं मेडल. खुद्द सरांना खुर्चीतून उठायचं तर टेबल धरावं लागायचं, बुटाची नाडी वाकून बांधता यायची नाही. पण त्यांच्या पाठीला कधी कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीही आमच्या पाठींना विचारलं नाही. मला त्यांची कीव येते. आणि कीव येते म्हणून जास्त राग येतो.

दसऱ्याला क्लबमध्ये बोटींची पूजा असते. बोटी धुवायच्या, वल्ह्यांना झेंडूच्या माळा, आणि मधल्या टेबलावर वस्त्रावर तो पट्टा, त्याला हळदकुंकू. त्या वर्षी पट्टा प्रणालीला चढायचा होता. निवड चाचणी तोंडावर होती, तिचा पाय मुंग्यांनी बधिर व्हायचा, आणि सर तिचं कौतुक करत होते. मॅडम आल्या, बोटींच्या माळा बघून हसल्या, दोन वल्ह्यांना स्वतः माळा बांधल्या. मग त्यांची नजर टेबलावर गेली. कोणाला कळायच्या आत त्यांनी पट्टा उचलला आणि खाली ठेवला.

एक पदाधिकारी पुढे आले आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्हा लोकांना आमच्या पूजा चालत नाहीत, आम्ही समजू शकतो. पण म्हणून आमच्या परंपरेत..."

मॅडम बौद्ध, म्हणून 'तुम्हा लोकांना.' सणाच्या दिवशी, पोरींसमोर, हसत हसत. माझ्या कानातून वाफा निघाल्या. पण मॅडम ओरडल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "बोटीची पूजा करा न भाऊ. माळ तर मीच बांधली. या पोरीच्या दुखण्याची काहून करता?"

पदाधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून चौकीदाराला सांगून ठेवलं, मॅडमना आत सोडायचं नाही. चौकीदार बिचारा खाली मान घालून सांगत होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "तू काहून मान घालून राहिला? मानेचे मणके दुखतीन." आणि गेटसमोर, तलावाकाठी लोक फिरायला येतात त्या रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली त्यांनी सतरंजी अंथरली.

सरांनी सांगितलं, जी बाहेर जाईल ती बोटीत बसणार नाही. मी बाहेर गेले. माझं काय, मी काही राज्याच्या टीममध्ये जाणार नव्हते. पण प्रणाली आमच्यात सगळ्यात तेज. त्या चाचणीत निवड झाली तर पुढे नॅशनल, आणि नॅशनल खेळली तर नोकरी; हेच सगळं तिच्या घरच्यांनी मनात धरलेलं. मॅडम तिला म्हणाल्या, "हे वर्ष सोड. हंगामभर बोटीत बसू नको. नाही बसलीस तर पुढची वर्षं वल्हवशील. आता बसलीस तर चालतानाही रडशील. मी सांगून राहिली, पण पाठ तुही आहे. ना माही, ना क्लबची. तू ठरव."

तिसऱ्या दिवशी प्रणाली येऊन सतरंजीवर झोपली.

मग जो गहजब झाला! मॅडमनी पोरीचं वर्ष खाल्लं, हेवा वाटतो त्यांना, असं काय काय. कुहीहून प्रणालीचे बाबा भांडायला आले. पांढरं धोतर, हातात पिशवी, चेहरा लालबुंद. "माह्या पोरीचं नशीब काहून खराब करून राहिल्या तुमी?" मॅडमनी ऐकून घेतलं. ऐकताना नजर मात्र बाबांच्या उभं राहण्याकडे होती. "भाऊ, रोवणीत पाठ दुखते का?" भातलावणीला आमच्याकडे रोवणी म्हणतात, दिवसभर चिखलात ओणवं राहायचं. बाबा चपापले. "दुखते. ते तर दुखतेच." "डाव्या अंगानं जास्त?" "हो. तुमाले कसं..." "झोपा." आणि भांडायला आलेला माणूस भर रस्त्यात धोतर सावरत सतरंजीवर झोपला, कमरेखाली बीपीचा पट्टा घेऊन. फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. निघताना ते प्रणालीला म्हणाले, "बाई म्हणते तसं कर." आणि मॅडमसाठी पिशवीतून आणलेले तांदूळ ठेवून गेले. ते आधीच आणले होते म्हणजे भांडण किती खरं होतं बघा.

हंगामभर प्रणालीने काय केलं? काहीच नाही, असं लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं. आधी झोपून काटा सांभाळला. मग ओणवी होऊन. मग कुशीवर कोपर टेकून शरीर फळीसारखं धरलं. मग मॅडमनी झाडाला रबर बांधला आणि स्टुलावर बसवून ओढायला लावला, "कुल्ह्यातून पुढे, कुल्ह्यातून! पाठ लांब!" आतून क्लबचे लोक हसायचे. पायातली कळ आधी वर सरकली, मग कमरेत राहिली, मग एक दिवस प्रणाली एसटीत खिडकीजवळ बसून कुहीला गेली. तिने मला फोन करून एवढंच सांगितलं, "बसून आली." आम्ही दोघी फोनवर रडलो.

पुढच्या वर्षी ती राज्याच्या खुल्या चाचणीत सगळ्यांच्या पुढे. क्लबला तिला परत घेणं भागच होतं. ती राज्याकडून खेळली, पदक आणलं, नोकरी लागली. पेपरात सरांचा फोटो, खाली लिहिलेलं, मुलींच्या पाठी आम्ही लोखंडी करतो. मॅडमना मी तो पेपर दाखवला. मला वाटलं भडकतील. त्या फोटो बघून म्हणाल्या, "हा माणूस अजूनही डाव्या अंगानं वाकडा उभा राहते. त्याले म्हणा, ये न बाबा एक दिवस बाहेर." ते कधी आले नाहीत. मॅडम निवृत्त झाल्या तरी सतरंजी रोज अंथरत राहिल्या, क्लबच्या पोरी मात्र भीतीने तिकडे बघायच्या नाहीत. यायचे ते फिरायला येणारे आजी-आजोबा आणि माझ्यासारख्या जुन्या.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. क्लबने प्रणालीचा सत्कार ठेवला होता. मंडप, शाल-श्रीफळ, लाउडस्पीकर. मॅडमना अर्थातच बोलावणं नव्हतं. सरांनी भाषणात मंडपवाल्याचेही आभार मानले, मॅडमचं नाव नाही. मी खुर्चीत नुसती धुमसत होते. मग सर म्हणाले, "आता आपली परंपरा." आणि तो पट्टा आला. हळदकुंकवासकट. नवी एक पोरगी होती, उमरेडची, रोशनी नावाची. तिला बोलावलं. ती स्टेजच्या पायऱ्या एकेक पाय ओढत चढली आणि वर येऊन हसली. अगदी अभिमानाने हसली हो! "आमची प्रणाली आपल्या हाताने पट्टा बांधेल," सर म्हणाले. टाळ्या.

प्रणालीने पट्टा हातात घेतला. माइक समोरच होता, त्यामुळे सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

"पाय दुखते का तुहा?"

रोशनीचं हसू गेलं. "हो ताई."

"रात्री झोप येते?"

"नाही, ताई."

प्रणालीने पट्टा टेबलावर ठेवला, खांद्यावरची शाल त्यावर टाकली. रोशनीचा हात धरला आणि म्हणाली, "चाल." जन्मात कधी तोंड न उघडणारी ही पोरगी! दोघी पायऱ्या उतरल्या, खुर्च्यांच्या मधून चालत गेटबाहेर पडल्या. मी उठले आणि मागे धावले. मागे लाउडस्पीकरवर सर ओरडत होते, "प्रणाली! प्रणाली, कार्यक्रम संपला नाही!"

कडुनिंबाखाली मॅडम होत्या. एका आजींना वाटेला लावून सतरंजी झटकत होत्या. त्यांनी प्रणालीकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या पोरीच्या चालण्याकडे. सतरंजी पुन्हा अंथरली, ओढणीची गाठ आवळली आणि गुडघ्यावर बसल्या. रोशनी उताणी झोपली. तिच्या कमरेखाली बीपीचा पट्टा सारून मॅडमनी फुगवला.

आतून पुन्हा नाव पुकारलं गेलं, या वेळी रोशनीचं. तिने घाबरून मान वळवली.

"तिकडे काय पाहून राहिली वं?" मॅडम म्हणाल्या आणि तबकडी तिच्या डोळ्यांसमोर धरली. "इकडे पाह्य. काट्याकडे. आता पाय उचल. हळू."